संगणकाचा तास कशाच्या जागी?

(दृश्य: वडोदरा. महापालिकेची प्राथमिक शाळा, मधल्या सुट्टीचा गलका.)

साल २०००. गुजरात सरकारने वडोदऱ्यातल्या महापालिकेच्या शंभर प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी ‘प्रथम’ या संस्थेने चौकशी केली, तेव्हा कळलं की फार थोड्या शाळांत लहान मुलांचा हात त्या संगणकांना लागतोय.

याच वडोदऱ्यात १९०६ साली सयाजीराव गायकवाडांनी सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं. शंभर वर्षांनी मुलं पटावर होती, वर्गात बसत होती. पण तिसरीतल्या साधारण पाच मुलांमागे एकालाच पहिलीच्या पातळीचं गणित जमत होतं. चौथीचं पुस्तक हातात, आणि हातच्याची बेरीज अजून सुटत नाही, अशी ही मुलं. त्यांच्यासाठी या पडून असलेल्या यंत्रांचा काही उपयोग होईल का?

मुंबईच्या वस्त्यांमध्ये उभी राहिलेली ‘प्रथम’ आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल, ली लिंडन हे अर्थशास्त्रज्ञ या प्रश्नाच्या मागे लागले. कोणत्या शाळेत उपक्रम आधी सुरू करायचा, हे त्यांनी सोडतीवर सोपवलं. नाहीतर उत्साही मुख्याध्यापकांच्या शाळा पुढे आल्या असत्या आणि श्रेय संगणकाला गेलं असतं.

(दृश्य: एका पडद्यासमोर दोन मुली. एकीचं बोट कीबोर्डवर, दुसरी उत्तर सांगतेय.)

चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास. एका संगणकावर दोघं. एक तास शाळेच्या वेळात, एक शाळेआधी किंवा नंतर. पडद्यावर गणिताचे खेळ: उत्तर बरोबर आलं की पुढचं गणित थोडं अवघड. सोबतीला त्याच भागातले तरुण प्रशिक्षक, पाच दिवसांचं प्रशिक्षण घेतलेले. त्यांनी गणित शिकवायचं नव्हतं. मुलांना पुढच्या खेळाकडे न्यायचं होतं.

निकाल सोप्या भाषेत सांगायचा तर असा. शंभर मुलं गणिताच्या गुणांप्रमाणे रांगेत उभी केली आणि आपलं मूल बरोबर मध्ये, पन्नासाव्या जागी असलं, तर पहिल्या वर्षी ते साधारण चौदा मुलांच्या पुढे गेलं. दुसऱ्या वर्षी साधारण अठरा. शिक्षणाच्या संशोधनात एवढी उडी क्वचित दिसते. पण उपक्रम थांबून वर्ष झालं तेव्हा त्यातली बरीच आघाडी ओसरली होती. आणखी एक गोष्ट दडवता येणार नाही. त्याच अभ्यासात ‘बालसखी’ होत्या, म्हणजे वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी, मागे राहिलेल्या मुलांना वेगळं घेऊन बसणाऱ्या. गणितात संगणकाने त्यांच्याहून मोठी झेप दाखवली, पण दर मुलामागचा खर्च सहा-सात पट होता. गरीब महापालिकेने काय निवडावं, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

(दृश्य: ‘ज्ञानशाळे’चा एका खोलीतला वर्ग.)

आता गुजरातमधल्याच दुसऱ्या प्रयोगाकडे. आमच्या मते या सगळ्या कहाणीचं मर्म इथे आहे. ‘ज्ञानशाळा’ ही स्वयंसेवी संस्था गरीब वस्त्यांमध्ये एका खोलीच्या शाळा चालवते, आणि तिथला वर्ग नीट आखलेला असतो. ली लिंडन यांनी तिथे दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी गणिताचा कार्यक्रम दोन तऱ्हांनी तपासला. एका तऱ्हेत मुलं रोजच्या वर्गातून उठून संगणकाकडे जायची. दुसरीत शाळा सुटल्यावर किंवा भरण्याआधी बसायची.

वर्ग सोडून गेलेली मुलं मागे पडली, आणि थोडीथोडकी नाही: रांगेतलं मधलं मूल वीसहून अधिक जागा खाली घसरलं. शाळेच्या वेळेबाहेर बसलेली पुढे गेली, आणि सर्वांत जास्त फायदा कच्च्या मुलांना झाला. मग फरक कशाने पडला? त्या तासाच्या जागी आधी काय होतं, याने. चांगली बाई मन लावून शिकवत असताना तिचा तास काढून यंत्राला दिला, तर मुलाचं नुकसान होतं. मोकळ्या वेळी तेच यंत्र सरावाला कामी येतं.

आणि नुसतंच यंत्र हातात दिलं तर? पेरू देशात गावोगावच्या शाळांतल्या मुलांना एकेक लॅपटॉप मिळाला. सव्वा वर्षानंतर तपासलं, तर गणितात आणि भाषेत काही फरक नव्हता.

(दृश्य: दिल्ली. संध्याकाळचं शिकवणी केंद्र.)

२०१५ साली कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गॅनिमियन या अर्थशास्त्रज्ञांनी दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणकावरच्या शिकवणीच्या केंद्रांचा अभ्यास केला. शाळेनंतर पाऊण तास संगणकावर, पाऊण तास छोट्या गटात शिक्षकांसोबत. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत मुलं ठळकपणे पुढे गेली. सुरुवातीच्या चाचणीत सरकारी शाळेतलं सहावीचं सर्वसाधारण मूल गणितात अडीच इयत्ता मागे होतं, नववीपर्यंत ही दरी साडेचार इयत्तांची झालेली. संगणक मुलाला आधी प्रश्न घालून त्याची खरी पातळी शोधायचा आणि तिथूनच सुरुवात करायचा. एका वर्गात चार-पाच पातळ्यांची मुलं असताना एकट्या शिक्षकाला हे जमवणं फार कठीण आहे. त्यात त्यांचा दोष नाही.

पण शाळेच्या गणिताच्या परीक्षेत गुण फारसे हलले नाहीत. आठवीचा पेपर आठवीचंच विचारतो. तिसरीवरून पाचवीच्या पातळीला पोचलेल्या मुलीला त्यात अजूनही फारसं काही सोडवता येत नाही. तिने साडेचार महिन्यांत काय कमावलं, ते संशोधकांच्या चाचणीत दिसलं. तिच्या प्रगतिपुस्तकात त्याला रकानाच नव्हता.