पहिल्या वर्षाची मिनिटं

[दृश्य: सराव हॉल, सकाळ. चार जण बास्केटकडे पाठ करून, चार जण थ्री-पॉइंट रेषेबाहेर. चेंडू हातोहात फिरतोय. कॅमेरा पायांच्या उंचीवर.]

चेंडू कुठे आहे ते जरा विसरा. उजव्या कोपऱ्यातल्या निळ्या जर्सीवाल्याचे पाय बघा.

या कवायतीला शेल ड्रिल म्हणतात. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये ती जवळपास प्रत्येक संघ करतो. चार विरुद्ध चार. आक्रमणातल्यांनी पास देत राहायचं आणि बचावातल्यांनी प्रत्येक पासबरोबर जागा बदलायची. ज्याच्या माणसाकडे चेंडू आहे त्यानं हातभर अंतरावर उभं राहायचं. ज्याचा माणूस एक पास लांब आहे त्यानं अर्धं पाऊल मागे, पासच्या वाटेत. ज्याचा माणूस दोन पास लांब आहे त्यानं त्याला सोडून थेट बास्केटखालच्या रंगीत चौकटीत यायचं, म्हणजे पेंटमध्ये, मदतीला. आणि हे सगळं पास हवेत असतानाच. चेंडू समोरच्याच्या हातात पडल्यावर निघालात, तर उशीर झालेला असतो.

[दृश्य: तोच पास, संथ गतीत. निळा खेळाडू चेंडूकडे बघत राहतो. त्याच्या पाठीमागून त्याचाच माणूस कापत बास्केटखाली पोहोचतो.]

हे बघा. चेंडूकडे बघत राहिला आणि स्वतःचा माणूस पाठीमागून निसटला. हा खेळाडू फ्रेशमन आहे, कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा. शाळेच्या संघात सगळ्यात उंच, सगळ्यात वेगवान तोच होता. चूक झाली तरी उडी मारून भरून काढायचा. इथे समोर 22 वर्षांचा माणूस आहे आणि त्याची उडीही तेवढीच आहे.

कोचनं शिट्टी वाजवली नाही. साइडलाइनवर बसलेल्या विद्यार्थी-मॅनेजरनं कागदावर एक रेघ मारली, एवढंच.

[दृश्य: मॅनेजरच्या मांडीवरचा तक्ता. नावांपुढे रेघा. जवळून.]

सामन्यात कुणाला किती मिनिटं खेळायला मिळणार, ते ठरतं या कागदावर. किती टर्नओव्हर, म्हणजे किती वेळा चेंडू गमावला, बचावात किती वेळा समोरच्यांच्या चेंडूला हात लागला, किती वेळा माणूस निसटला, रिबाउंडच्या वेळी, म्हणजे हुकलेला चेंडू परत घेताना, किती वेळा अंगानं अडवलं. चेंडूला हात लागण्याला डिफ्लेक्शन म्हणतात. रिक पिटिनो यांनी हे मोजणं गाजवलं. एका सामन्यात संघाचे 35 डिफ्लेक्शन, हे त्यांचं ठरलेलं लक्ष्य. सरावात कुणी किती बास्केट केल्या हेही लिहिलेलं असतं, पण नवख्याच्या बाबतीत तो रकाना सगळ्यात शेवटी वाचला जातो.

[दृश्य: पाटीवर गणित. 5 गुणिले 40.]

आधी हिशेब. पुरुषांचा कॉलेज सामना 40 मिनिटांचा, 20-20 मिनिटांचे दोन हाफ. मैदानात एका वेळी पाच जण. म्हणजे कोचकडे वाटायला बरोबर 200 मिनिटं, आणि चमूत 13 ते 15 खेळाडू. सुरुवातीच्या पाच जणांना सरासरी 28 मिनिटं धरली, तर 140 संपली. उरली 60. सहाव्याला 22, सातव्याला 17, आठव्याला 13, नवव्याला 8. पेटी रिकामी. दहाव्यापासून पुढचे सगळे टाळ्या वाजवायला.

क्रिकेटसारखं इथे अकरा जणांची यादी एकदा दिली की झालं, असं नसतं. बाहेर गेलेला परत येऊ शकतो, कितीही वेळा. त्यामुळे निर्णय एकदा होत नाही, सामनाभर होत राहतो.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

नवख्याला किती मिनिटं द्यायची, हा प्रश्नच 1972 पर्यंत नव्हता. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळायला एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची, परवानगी नव्हती. त्यांचा वेगळा फ्रेशमन संघ असायचा. नोव्हेंबर 1965 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये या फ्रेशमन संघानं स्वतःच्याच मुख्य संघाला 75-60 असं हरवलं, आणि तो मुख्य संघ आदल्या दोन्ही वर्षांचा राष्ट्रीय विजेता होता. फ्रेशमन संघात ल्यू अल्सिंडर होता, पुढचा करीम अब्दुल-जब्बार. त्यानं 31 गुण केले. मुख्य संघात यायला त्याला तरीही वर्षभर थांबावं लागलं. 1972-73 च्या मोसमापासून दार उघडलं. वीस वर्षांनी, 9 फेब्रुवारी 1992 ला, मिशिगनचे कोच स्टीव्ह फिशर यांनी नोत्र दामविरुद्ध सुरुवातीला पाचही जण पहिल्या वर्षाचे उतरवले. मिशिगनचे 74 च्या 74 गुण त्या पाच जणांचेच.

व्यावसायिक लीग एनबीएनं 2006 च्या ड्राफ्टपासून, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीपासून, प्रवेशाचा नियम केला: वय 19 आणि शाळा संपून एक वर्ष. तेव्हापासून सर्वोत्तम मुलं एक वर्षापुरती कॉलेजात येतात. त्यांच्याबद्दल कोचला फार विचार करावाच लागत नाही. ड्यूकच्या कूपर फ्लॅगला 2024-25 मध्ये सामन्यामागे जवळपास 31 मिनिटं मिळाली, त्यावर कोण वाद घालणार? आपला विषय त्याच्या खालचा मुलगा आहे. चांगला आहे, पण तयार नाही.

[दृश्य: सराव. उंच फ्रेशमन सेंटर, दोन्ही हात वर. त्याच्या शेजारचा सिनियर सतत ओरडतोय.]

आवाज ऐका. एकच जण बोलतोय. तो सिनियर.

गार्ड म्हणजे चेंडू हाताळणारा, बाहेर खेळणारा खेळाडू; सेंटर म्हणजे बास्केटजवळचा उंच खेळाडू. चेंडूवाल्याला अडवणाऱ्या आपल्या गार्डच्या वाटेत समोरचा सेंटर येऊन उभा राहतो, ही झाली स्क्रीन. आपल्या गार्डला ती दिसत नाही, कारण ती त्याच्या पाठीमागून येते. ती बघायची आणि मोठ्यानं सांगायची जबाबदारी आपल्या सेंटरची. ‘स्क्रीन, डावीकडे!’ हे दोन शब्द स्क्रीन लागायच्या आधी कानावर पडले पाहिजेत. मग पुढे येऊन अडवायचं, मागे बास्केटपाशी थांबायचं की माणसं बदलायची, हे सामन्यागणिक ठरलेलं असतं. पहिल्या वर्षाच्या मुलाला यातलं कळत नसतं असं नाही. तो मनात शोधत असतो, आणि तोंड बंद राहतं. तेवढ्यात गार्ड आपटतो आणि समोरच्याला मोकळा शॉट मिळतो. बघणाऱ्याला दोष गार्डचा दिसतो. सामन्याच्या फिल्ममध्ये मात्र तो सेंटरचाच.

[दृश्य: क्लोजआउट. धावत येणारा खेळाडू, शेवटी लहान लहान पावलं, हात वर. पुन्हा पुन्हा. हे दृश्य लांब ठेवलं आहे.]

मदतीवरून आपल्या शूटरकडे परत जाणं म्हणजे क्लोजआउट. दोन तृतीयांश अंतर पूर्ण वेगानं. मग पावलं तोकडी, कंबर खाली, एक हात चेंडूच्या उंचीवर. नवखा शेवटपर्यंत धावतच येतो. समोरचा नुसता शॉटचा आव आणतो आणि हा त्याच्या बाजूनं उडून जातो. मागे चार विरुद्ध पाच. कंबर खाली न्यायला मांड्या लागतात, म्हणून या प्रश्नाचं अर्धं उत्तर व्यायामशाळेत आहे. ते ऑक्टोबरमध्ये मिळत नाही.

[दृश्य: सामन्याचा दिवस. घड्याळ 15:48. पंच शिट्टी वाजवतो. बेंचवरून एक मुलगा जॅकेट काढत उठतो.]

पुरुषांच्या सामन्यात प्रत्येक हाफमध्ये घड्याळ 16, 12, 8 आणि 4 मिनिटांच्या खाली गेलं, की पहिल्या थांब्याला दूरचित्रवाणीचा टाइमआउट होतो. नवख्याला पहिल्यांदा उतरवायची जागा हीच. का? त्याला शेजारी बसवून कोण मार्क करायचा ते सांगता येतं, पहिली चाल पाटीवर काढून देता येते, आणि खेळ थांबलेला असल्यानं तो धापा टाकत सुरुवात करत नाही.

चार मिनिटांची एक पाळी. तिच्यात कोच तीन गोष्टी सांभाळतो. एक, त्याच्याबरोबर किमान तीन जुने खेळाडू. दोन नवखे गार्ड एकत्र ठेवले आणि समोरून प्रेस आला, म्हणजे पूर्ण मैदानभर दबाव, तर चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे जाणं मुश्कील. त्याला 10 सेकंदच असतात. दोन, बचावात त्याला समोरचा सगळ्यात कमी धोक्याचा माणूस. समोरचे कोचही हे बघत असतात, आणि पुढच्याच चालीत त्या माणसाला स्क्रीन लावायला पाठवून नवख्याला चेंडूसमोर ओढतात. तीन, हाफची बाजू. एका हाफमध्ये संघाचा बचाव स्वतःच्या बेंचसमोर होतो, दुसऱ्या हाफमध्ये मैदानाच्या पलीकडच्या टोकाला. बेंचसमोर असताना सहायक कोच ओरडून जागा दाखवू शकतो. पलीकडे आवाज पोहोचत नाही.

[दृश्य: फाउल. फ्रेशमनचे दोन्ही हात समोरच्याच्या मनगटावर. तो पंचाकडे बघतो.]

पाय उशिरा पोहोचले की हात पुढे जातात. पाच फाउलला खेळाडू बाद. पहिल्या हाफमध्ये दोन फाउल झाले, की बहुतेक कोच त्याला मध्यंतरापर्यंत बसवतात. आमच्या मते ही सवय जरा अतिच आहे. पाचवा फाउल टाळण्यासाठी आपणच त्याला बाहेर बसवायचं, हे गणित दर वेळी बसत नाही. पण नवख्यांची कितीतरी मिनिटं याच सवयीनं मिळतात. सिनियरचे दोन फाउल झाले, की दार उघडतं.

[दृश्य: बाहेर आलेला फ्रेशमन. सहायक कोच कानाशी, एक बोट वर.]

बाहेर आल्यावर एकच सूचना. चार सांगितल्या तर एकही राहत नाही.

आता सुरुवात कोण करतो याला प्रेक्षक फार महत्त्व देतात. कोच बघतात शेवटची चार मिनिटं. केंटकीचा रीड शेपर्ड 2023-24 मध्ये 33 पैकी 5 सामन्यांतच सुरुवातीला उतरला, तरी मिनिटं सरासरी 29 च्या घरात, आणि ड्राफ्टमध्ये तिसरा. त्याच विद्यापीठात 2014-15 मध्ये जॉन कॅलिपारी यांनी आणखी टोकाचं केलं. चांगले दहा जण होते, म्हणून पाच-पाचांचे दोन गट. काही मिनिटांनी अख्खा गट बदलायचा. डिसेंबरात अ‍ॅलेक्स पॉयथ्रेसचा गुडघा गेला आणि ती रचना सैल झाली, पण वाटणी तशीच राहिली. ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला कार्ल-अँथनी टाउन्स सामन्यामागे 21 मिनिटं खेळला. डेव्हिन बुकर 38 सामने खेळला, सुरुवातीला एकदाही नाही. संघ 38 सामने जिंकून विस्कॉन्सिनकडून हरला.

[दृश्य: कॅलेंडर. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी.]

मोसमाचा आलेख ठरलेला. नोव्हेंबरमध्ये घरच्या मैदानावर दुबळे संघ बोलावतात, तेव्हा दहा-अकरा जण खेळतात. जानेवारीत कॉन्फरन्स, म्हणजे आपल्याच गटातल्या संघांशी सामने, सुरू झाली की यादी आठ-नऊवर येते. मधला डिसेंबर महत्त्वाचा. सत्र चालू असताना सरावाला आठवड्याला 20 तासांची मर्यादा असते. परीक्षा संपून सुट्टी लागली, की ती मर्यादा लागू नसते. वर्ग नाहीत, वसतिगृह रिकामं, दिवसातून दोनदा हॉल. ज्यांची मिनिटं जानेवारीत वाढतात, ती बहुतेक या दोन-तीन आठवड्यांत कमावलेली असतात.

कधी यादीबाहेरचाही कामाला येतो. ड्यूकच्या ग्रेसन अ‍ॅलनला 2014-15 मध्ये सामन्यामागे जेमतेम 9 मिनिटं. राष्ट्रीय अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनविरुद्ध संघ एकदा नऊ गुणांनी मागे पडला होता, आणि तो बेंचवरून येऊन 16 गुण करून गेला. ड्यूक 68-63.

[दृश्य: फक्त सरावात खेळणारा खेळाडू. सामन्याच्या दिवशी साध्या कपड्यात बेंचच्या टोकाला.]

हा मुलगा यंदा एकही सामना खेळणार नाही, आणि ते ठरवून. याला रेडशर्ट म्हणतात. कॉलेजची पाच वर्षं, त्यात चार मोसम. एक वर्ष न खेळता काढलं तर मोसम शिल्लक राहतो. बास्केटबॉलमध्ये वर्षानुवर्षे यात सवलत नव्हती. हरत आलेल्या सामन्यात शेवटचं एक मिनिट उतरवलं, तरी मोसम खर्ची. म्हणून निर्णय पहिल्या सामन्याआधीच घ्यावा लागायचा. वर्षभर तो स्काउट टीममध्ये, म्हणजे पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली पाठ करून त्या आपल्याच मुख्य संघाविरुद्ध खेळतो. वीस-पंचवीस संघांच्या चाली अशा अंगात मुरतात.

व्हर्जिनियाच्या डी'आंद्रे हंटरनं 2016-17 असं काढलं. 2019 च्या अंतिम सामन्यात त्याचे 27 गुण, आणि विजेतेपद. पर्ड्यूमध्ये मॅट पेंटर यांनी ट्रे कॉफमन-रेनला 2021-22 मध्ये थांबवलं, कारण त्याच्या जागेवर झॅक ईडी आणि ट्रेव्हियन विल्यम्स आधीच होते. 2024-25 मध्ये त्याची सरासरी 20 गुण. ईडी, 7 फूट 4 इंच, पहिल्या वर्षी 14.7 मिनिटं, दुसऱ्या वर्षी 19, तिसऱ्या वर्षी जवळपास 32. त्या तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी तो देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

[दृश्य: बंद दार. कोचची खोली. कॅमेरा बाहेर.]

मिनिटांबद्दलचं बोलणं या दाराआड होतं. चांगला कोच आकड्यात बोलतो: 6 मिनिटांची 12 करायची असतील, तर हे दोन रकाने सुधार. पालकांशी मिनिटांवर बोलायचं नाही, हा बहुतेकांचा नियम. 2021 पासून संघ बदलला तरी वर्षभर बसावं लागत नाही, जाहिरातींचे पैसेही घेता येतात. न खेळलेली मुलं वसंतात ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे संघ बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत, जातात, आणि रेडशर्टसाठी थांबणारे कमी होत चाललेत.

[दृश्य: पूर्ण मैदान प्रेस. दोन लहानखुरे गार्ड, चेंडू कोपऱ्यात अडकलेला.]

कधीकधी नवख्यांनाच सगळी चावी द्यावी लागते. 2022-23 मध्ये पेंटर यांनी ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर या दोन पहिल्या वर्षाच्या गार्डना मोसमभर सुरुवातीला उतरवलं. मार्च 2023 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत पहिला मानांकित पर्ड्यू सोळाव्या मानांकित फेअरली डिकिन्सनकडून 63-58 असा हरला. छोट्या, चपळ संघानं मैदानभर पाठलाग केला. पेंटर यांनी दोघांना बाजूला केलं नाही. त्या उन्हाळ्यात सदर्न इलिनॉयहून लान्स जोन्स हा अनुभवी गार्ड ट्रान्सफर घेऊन आला. चेंडू वर आणायला तिसरा हात मिळाला, आणि समोरच्या वेगवान गार्डला अडवायचं काम त्यानं घेतलं. पुढच्या एप्रिलमध्ये अंतिम सामन्यात कनेक्टिकटविरुद्ध पर्ड्यूनं सुरुवात केली, तेव्हा तिघेही मैदानात होते.