ओझी वाहणाऱ्यांची शिखरं

श्रोतेहो, नमस्कार.

जगात आठ हजार मीटरहून उंच अशी चौदा शिखरं आहेत. सगळी हिमालयात आणि काराकोरममध्ये. गिर्यारोहक त्यांना अष्टहजारी म्हणतात. १९५० साली फ्रेंचांनी अन्नपूर्णा सर केलं आणि १९६४ मध्ये चिनी गिर्यारोहक शिशापांग्मावर पोहोचले. या चौदा वर्षांत चौदाही शिखरांवर माणूस चढून गेला. हिलरी आणि तेनसिंग ही नावं आपल्याला तोंडपाठ आहेत. आज मात्र मी बोलणार आहे ते अमीर मेहदींबद्दल.

मेहदी पाकिस्तानातल्या हुंझा खोऱ्यातले हमाल. १९५४ च्या जुलैत इटालियन तुकडी काराकोरममधल्या के-टू शिखरावर होती. वरच्या छावणीतल्या दोघांना प्राणवायूचे सिलिंडर हवे होते. ते घेऊन तुकडीतले वॉल्टर बोनात्ती आणि मेहदी निघाले. अंधार पडत आला, पण ठरल्या जागी तंबू नव्हता. तो आणखी वर, आडबाजूला नेला होता. हाका मारल्या, उत्तर आलं. पण वाट सापडेना आणि अंधारात खाली उतरणंही शक्य नव्हतं. आठ हजार मीटरच्या वर, जिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश, तिथे बर्फात खोदलेल्या एवढ्याशा ओट्यावर दोघांनी रात्र काढली. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. सकाळी मेहदी कसेबसे खाली आले. हिमदंशानं त्यांच्या पायांची बोटं गेली.

तेच सिलिंडर लावून ३१ जुलैला वरच्या छावणीतले ते दोघे, कोम्पान्योनी आणि लाचेदेल्ली, माथ्यावर पोहोचले. इटलीत जल्लोष झाला. बोनात्तींवर पुढे भलतेच आरोप झाले आणि इटलीच्या अल्पाइन क्लबनं त्यांची बाजू मान्य करायला पन्नासहून जास्त वर्षं घेतली. मेहदी तोवर वारलेही होते. या अन्यायाचा मला आजही राग येतो.

हे काही एकट्या मेहदींचं नाही. १९२२ मध्ये एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला हिमकडा कोसळून सात जण गेले. सातही ओझी वाहणारे. २०१४ मध्ये एव्हरेस्टच्याच वाटेवर, खुंबूच्या हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगार गाडले गेले. दोर बांधणं, शिड्या लावणं, सामान वर पोहोचवणं ही कामं त्यांचीच, म्हणून धोक्याच्या जागेतून त्यांच्याच खेपा जास्त.

आणि तरी हीच माणसं माथ्यावरही पोहोचली. पासांग दावा लामा १९५४ मध्ये पहिल्याच चढाईत चो ओयूवर उभे होते. ग्याल्झेन नोर्बू १९५६ मध्ये मनास्लूच्या पहिल्या चढाईत होते.

चौदा शिखरांपैकी फक्त के-टूवर हिवाळ्यात कुणाला जाता आलं नव्हतं. १६ जानेवारी २०२१ रोजी दहा नेपाळी गिर्यारोहक, त्यांतले नऊ शेर्पा, माथ्याच्या थोडं अलीकडे एकमेकांसाठी थांबले आणि शेवटची पावलं सगळ्यांनी मिळून टाकली.