पानाला दात लागतो तेव्हा

[दृश्य: टोमॅटोच्या पानाच्या कडेवर एक हिरवट अळी, अगदी जवळून.]

ही अळी टोमॅटोचे पान कडेपासून आत खात चालली आहे. कापसावर आली की तिला बोंडअळी म्हणतात, हरभऱ्यावर घाटे अळी आणि टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी; कीटक मात्र एकच, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. तिच्या जबड्याखाली पेशी फुटतात, खाल्लेल्या कडेवर ओलसर रेघ उमटते आणि पान चुरगळल्यावर येतो तसा उग्र वास सुटतो. झाडाला पळून जाता येत नाही. तरीही पुढच्या काही तासांत याच झाडाची न खाल्लेली पानेसुद्धा अळीला पचायला जड होऊ लागतील, कारण जखमेची खबर त्यांच्यापर्यंत पोहोचलेली असेल, आणि त्या खबरीत मोठा वाटा आहे तो चरबीपासून तयार झालेल्या एका रेणूचा.

पानातल्या हरितलवकांच्या पटलांमध्ये अल्फा-लिनोलेनिक आम्ल विपुल असते. हे १८ कार्बन अणूंचे आणि तीन दुहेरी बंधांचे मेदाम्ल आपल्याला अनोळखी नाही, कारण जवसाच्या तेलाचा सुमारे निम्मा भाग तेच असते. नव्या क्रिकेट बॅटला जवसाचे तेल चोळून ठेवले की ते काही दिवसांनी सुकून घट्ट होते, कारण या दुहेरी बंधांशी हवेतला ऑक्सिजन जोडला जातो. पानात ऑक्सिजन जोडण्याचे हेच काम लायपॉक्सिजनेज नावाचे विकर करते, पण ते नेमक्या जागी आणि काही क्षणांत.

तिथून वाटा फुटतात. एका वाटेवर दुसरे विकर या साखळीचा सहा कार्बनांचा तुकडा तोडते, आणि नुकतेच कापलेले गवत ज्याने दरवळते ते हेक्सिनॅलसारखे रेणू तयार होतात. दुसऱ्या वाटेवर साखळीतच पाच कार्बनांचे एक कडे तयार होते, मग हा रेणू हरितलवकातून पेशीतल्या पेरॉक्सिझोम नावाच्या कप्प्यात जातो, तिथे त्याचे दोन-दोन कार्बन तीन वेळा कापले जातात आणि १८ कार्बनांच्या मेदाम्लाचे १२ कार्बनांचे जास्मोनिक आम्ल होते. त्याला आयसोल्युसीन हे अमिनो आम्ल जोडले गेले की झाडाचे खरे कार्यक्षम संप्रेरक, जास्मोनेट-आयसोल्युसीन, तयार होते. जखम झाल्यापासून इथवर यायला काही मिनिटे पुरतात.

[दृश्य: चमेलीची फुले.]

या संप्रेरकाचे नाव जखमेवरून पडलेले नाही, ते पडले आहे सुगंधावरून. १९६२ साली चमेलीच्या, म्हणजे जास्मिनच्या, तेलातून मिथाइल जास्मोनेट हे जास्मोनिक आम्लाचे हवेत उडून जाणारे रूप वेगळे काढण्यात आले, तेव्हा त्याच्याकडे अत्तराचा एक घटक म्हणूनच पाहिले गेले. जखमेचा शोध स्वतंत्रपणे चालला होता. १९७२ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत टेरेन्स ग्रीन आणि क्लॅरेन्स रायन यांनी दाखवले की बटाट्याचे किंवा टोमॅटोचे एक पान किड्याने खाल्ले, तर इतर पानांतही प्रथिने पचवणाऱ्या विकरांना अडवणारी द्रव्ये साठू लागतात. ही द्रव्ये अळीला लगेच मारत नाहीत; ती खाते, पण खाल्लेले तिच्या अंगी लागत नाही.

हे दोन धागे १९९० मध्ये एकत्र आले. एडवर्ड फार्मर आणि रायन यांनी बंद पात्रात टोमॅटोच्या रोपाशेजारी सेजब्रशच्या फांद्या ठेवल्या. सेजब्रश हे पश्चिम अमेरिकेतील कोरड्या माळांवरचे झुडूप. चैत्रात ज्योतिबाला वाहतात तो दवणा त्याचा जवळचा नातलग, दोघेही आर्टेमिसिया. सेजब्रशमधून मिथाइल जास्मोनेटची वाफ सुटते. टोमॅटोच्या एकाही पानाला इजा झालेली नसताना केवळ त्या वाफेने त्याची पाने जखम झाल्यासारखी वागू लागली.

या प्रयोगानंतर झाडे एकमेकांना सावध करतात, असे फार उत्साहाने सांगितले गेले. इथे थोडे जपून बोलायला हवे. मोकळ्या हवेत ही वाफ झपाट्याने विरळ होते आणि रानात झालेल्या प्रयोगांत तिचा परिणाम अगदी लगतच्या झाडांवरच दिसला. शिवाय शेजाऱ्याचा वास ओळखून स्वतःला वाचवणे आणि शेजाऱ्याला मुद्दाम सावध करणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली चमकणारे रोप.]

एकाच झाडात मात्र खबर नक्की धावते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चित्रणात अॅराबिडॉप्सिसच्या, म्हणजे प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या मोहरीच्या कुळातील एका छोट्या वनस्पतीच्या, रोपात कॅल्शियम वाढले की प्रकाश दिसेल अशी योजना केलेली आहे. चावलेल्या जागेपासून उजेडाची लाट सेकंदाला सुमारे १ मिलिमीटर वेगाने शिरांमधून पुढे सरकते, आणि ती जिथे पोहोचते तिथे जास्मोनेट तयार होऊ लागते.

पेशीत संरक्षणाची जनुके एरवी जॅझ नावाच्या प्रथिनांनी दाबून ठेवलेली असतात. जास्मोनेट-आयसोल्युसीन आले की ते जॅझला कॉय-१ या प्रथिनाशी जखडते, जॅझची विल्हेवाट लावली जाते आणि जनुके मोकळी होतात. ही जनुके कायम मोकळी का ठेवत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर खर्चात आहे, कारण जास्मोनेट वाढले की रोपाची वाढ मंदावते.

अळीही गप्प बसत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत याच हेलिकोव्हर्पाच्या पचनविकरांवर दीर्घकाळ काम झाले आहे. तिच्या आतड्यात अशी विकरे अनेक प्रकारची असतात आणि काही अडवली गेली, तर अळी न अडणारी दुसरी विकरे अधिक बनवू लागते.

तिच्याकडे आणखी एक वाट आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील एका प्रयोगात टोमॅटोच्या रोपांवर मिथाइल जास्मोनेट फवारून त्यांवर स्पोडोप्टेरा या दुसऱ्या जातीच्या अळ्या सोडल्या होत्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा, की पाने बेचव होताच अळ्या नेहमीपेक्षा लवकर एकमेकींना खाऊ लागल्या, आणि रोपाची बरीचशी पाने शाबूत राहिली.