चार जिनसांचा पाव

टेबलावर एवढंच आहे: पीठ, मीठ, खायचा सोडा आणि ताक. यीस्ट नाही, अंडं नाही, साखर नाही. आयर्लंडच्या घराघरांत एके काळी रोज भाजला जायचा तो सोडा ब्रेड हाच. मनुका घातलेला गोड पाव चहाबरोबर छान लागतो, पण जेवणातला पाव असा, चार जिनसांचा.

हे पीठ मऊ गव्हाचं. तिथल्या ओल्या, थंड हवेत पिकणाऱ्या गव्हात ग्लूटेन बेताचंच. यीस्टच्या पावाला लागणारा ताण त्याला पेलत नाही. १८३०-४० च्या सुमारास खायचा सोडा घरोघरी पोचू लागला, आणि या पिठाला तो मानवला. ताकाची ददात नव्हतीच. कॉर्क शहरातून लोणी लाकडी पिंपांत भरून जहाजांनी परदेशी जायचं. लोणी बाजारात, ताक घरात.

आणि हे बॅस्टिबल. बिडाचं, तीन पायांचं, झाकणाचं जड भांडं. चुलीवर टांगायचं, आत पाव ठेवायचा, झाकणावर टर्फचे निखारे रचायचे. टर्फ म्हणजे दलदलीतून विटांसारखं कापून वाळवलेलं इंधन. खालून आच, वरून आच. शेतकऱ्याच्या घरात दुसरी भट्टी नव्हती.

आता हाताकडे बघा. साडेचारशे ग्रॅम पीठ, एक चमचा मीठ, एक सपाट चमचा सोडा, सगळं चाळून. सोड्याची गुठळी राहिली तर तेवढा घास कडू लागतो. मध्ये खळगा करून साडेतीनशे ते चारशे मिलिलिटर ताक. बोटं ताठ, फाकवलेली, आतून बाहेर गोल फिरतायत. मळत नाहीत. कणीक तिंबायची सवय असलेले आपले हात इथे आवरायचे. मळलं की पाव चिवट झालाच. रेंगाळायचंही नाही. ताकातल्या आम्लाशी सोड्याची गाठ पडताच कार्बन डायऑक्साइड सुटू लागतो. तो निसटायच्या आत गोळा ओव्हनमध्ये गेला पाहिजे.

त्याआधी ही फुली, काठापासून काठापर्यंत, खोल. कुणी म्हणतं पावाला आशीर्वाद, कुणी म्हणतं पऱ्यांना बाहेर पडायला वाट. या चिरांमधून आच गाभ्यापर्यंत पोचते, हे मात्र खरं. उत्तरेकडे, अल्स्टरमध्ये, पोळीसारखा थापून चार भाग करतात आणि तव्यावर भाजतात. ते फार्ल.

२२० अंशांवर पंधरा मिनिटं, मग २०० वर अर्धा तास. उलटा करून तळावर टिचकी मारायची. पोकळ आवाज आला, पाव झाला.

१८४५ नंतरच्या दुष्काळात दहा लाख माणसं मेली, दहा लाखांच्या आसपास देश सोडून गेली. त्यांतली पुष्कळ अमेरिकेत पोचली; तिथे या पावात अंडी, साखर, मनुका आल्या.

पावाची साल मऊ हवी असेल तर गरम असतानाच कापडात गुंडाळा. खारं लोणी जाड लावा. आजच खा; उद्या उरला तर भाजून.