चमत्कार म्हणायचं कशाला?

श्रोतेहो, नमस्कार.

जतकडे ऐन वेळेला पाऊस झाला, की आपण म्हणतो चमत्कार झाला. मिरजेच्या दवाखान्यात घरच्यांनी आशा सोडलेला पेशंट आपल्या पायांनी चालत घरी आला, तरी हाच शब्द तोंडात येतो. आनंदाच्या भरात माणूस असं बोलतो आणि बोलावंही. पण याच शब्दाच्या जोरावर कुणी आपल्याकडे पैसा मागू लागलं, दवाखान्याची वाट अडवू लागलं, तर मात्र विचारलं पाहिजे, की चमत्कार कशाला म्हणायचं?

एखादी गोष्ट नवलाची असणं वेगळं आणि तिला निसर्गातलं कोणतंच कारण नसणं वेगळं. म्हैसाळहून कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं चढावर उचललं आणि दुष्काळी रानात पोचवलं. नवलच ते! पण त्यामागे मोटारी आहेत, वीज आहे, माणसांची मेहनत आहे. ज्याला खऱ्या अर्थानं चमत्कार म्हणायचं, त्याला असं काहीच कारण नसलं पाहिजे. आता हे सिद्ध करणं किती अवघड आहे बघा. मला कारण सापडलं नाही, एवढ्यावरून कारणच नाही असं होत नाही.

ऑगस्टिन हे जुन्या काळचे ख्रिस्ती धर्मपंडित, स्वतः चमत्कार मानणारे. पण त्यांचंही म्हणणं असं, की चमत्कार निसर्गाच्या विरुद्ध नसतो, निसर्गाबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्याच्या विरुद्ध असतो. पुढे १७४८ मध्ये डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश विचारवंतानं चमत्काराची व्याख्या निसर्गनियमाचा भंग अशी केली आणि एक कसोटी दिली. चमत्कार पाहिल्याचं कुणी सांगितलं, तर त्याची साक्ष चुकीची किंवा खोटी असणं हे त्या चमत्काराहूनही अशक्य वाटतं का, ते तपासा. वाटत नसेल, तर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे तुकोबांनी तर अभंगात रोखठोक सांगून टाकलंय, की मला जडीबुटी आणि चमत्कार दाखवता येत नाहीत. संतपणाला त्यांची गरज त्यांना वाटली नाही.

ही कसोटी आपल्या रानात लावून बघू. साप चावला, मांत्रिकाकडे नेलं, त्यानं मंत्र टाकला, विष उतरलं. अशी हकिगत आपल्या भागात कुणी ऐकली नसेल? सांगणारा खोटं बोलत असतो असं नाही. माणूस खरोखर वाचलेला असतो. पण आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार मुख्य विषारी, आणि तेही दर दंशाला विष सोडतातच असं नाही. म्हणजे पुष्कळ माणसं मंत्राविनाही वाचणारच होती. जी दगावली, त्यांची हकिगत चावडीवर कोण सांगत बसतो? ‘वेळ भरली होती’ म्हणून ती मिटते.

मण्यारीचं तर फार वाईट. रात्री झोपेत चावते, सूज नाही, दुखणंही नावापुरतं. पहाटेपर्यंत माणूस बरा दिसतो, उतरलं म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि मग पापण्या जड व्हायला लागतात, श्वास अडतो. त्या हातातून गेलेल्या तासांचा मला मनापासून राग येतो.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले, तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला. पण आधी २० ऑगस्टला त्यांचा पुण्यात खून झाला होता. हा कायदा कुणाच्या देवपूजेला हात लावत नाही. चमत्काराच्या नावावर फसवणं आणि दहशत घालणं हा त्यात गुन्हा आहे. कुत्रा, साप, विंचू चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हाही गुन्हा आहे.

घोड्याच्या रक्तापासून बनवलेली सर्पविषाची लस या चारही सापांच्या विषावर चालते. म्हणून पावसाळ्यात एवढं ध्यानात ठेवा. चावलेल्या माणसाला चालवू नका. हात किंवा पाय मोडल्यावर बांधतो तसा फळीला हलका बांधून स्थिर ठेवा. करकचून आवळू नका, कापू नका, तोंडानं चोखू नका. साप मारायला, पकडायला मागे जाऊ नका. १०८ ला फोन लावा आणि लस मिळेल अशा जवळच्या सरकारी दवाखान्यात थेट पोचवा. वाटेत कुठंही थांबू नका.