ताट वाढा, घास मोजू नका

नमस्कार, श्रोतेहो.

लहान मुलांच्या आईवडिलांशी जेवणाचा विषय काढला की पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं. "काही खातच नाही हो!" आणि ज्याच्याबद्दल ही तक्रार चाललेली असते तो पठ्ठ्या त्याच वेळी खुर्चीवर चढत असतो, उडी मारत असतो, पुन्हा चढत असतो. काही न खाता एवढी मस्ती करायला बळ येतं कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही. आज आपण तेच विचारू.

आधी थोडं वाढीचं गणित. पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं. जन्मताना तीन किलोचं असलेलं बाळ पहिल्या वाढदिवसापर्यंत नऊ किलोच्या घरात जातं. दुसऱ्या वर्षात तेच बाळ जेमतेम दोन-अडीच किलोनं वाढतं. शरीराची मागणी उतरली की भूकही उतरते. त्यात बिघडलेलं काहीच नसतं. पण नेमकं याच सुमाराला मूल चालायला लागलेलं असतं, 'नको' म्हणायला शिकलेलं असतं, आणि आपल्याला वाटतं की हे नखरे आहेत. मग चमच्याचं विमान होतं, मोबाइलवर गाणी लागतात, घरातला एक जण नाचतो आणि दुसरा, तोंड उघडलेलं दिसलं रे दिसलं, की घास कोंबतो.

त्यातून मुलाची भूक दर जेवणाला सारखी नसते. लीअन बर्च या अमेरिकन संशोधिकेचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९१ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. दोन ते पाच वर्षांच्या १५ मुलांनी दिवसभरात काय नि किती खाल्लं, हे त्यांनी काटेकोरपणे मोजलं. एकेका जेवणातले उष्मांक सरासरीच्या साधारण एक तृतीयांशानं खाली-वर होत होते. अख्ख्या दिवसाची बेरीज मात्र रोज जवळपास तीच. फरक होता तो १० टक्क्यांच्या आसपास. एका जेवणाला कमी खाल्लं की मुलं पुढच्या जेवणाला आपणहून भरून काढत होती. हिशेब त्यांचं पोटच ठेवत होतं. आपण मात्र एका वाटीकडे बघून घाबरतो.

मग आईवडिलांनी करायचं काय? एलिन सॅटर या अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ आणि कुटुंब-समुपदेशक. त्यांनी १९८० च्या दशकात एक वाटणी मांडली, आणि मला ती आजही सगळ्यात शहाणपणाची वाटते. काय वाढायचं, कधी वाढायचं आणि कुठे बसून जेवायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. वाढलेल्यातलं खायचं की नाही आणि किती खायचं, हे मुलानं. ऐकायला सोपं आहे. पाळायला अवघड, कारण आपण नेमकं उलटं करतो. काय हवं ते मुलाला विचारतो आणि किती खायचं ते आपण ठरवतो.

यातल्या 'कधी'कडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. सकाळपासून हातात बिस्किट, मध्येच रस, मध्येच दूध, अशी दिवसभर चरणारी मुलं जेवायला बसतात तेव्हा त्यांना खरोखरच भूक नसते. तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन वेळा हलकं खाणं, साधारण दोन-तीन तासांच्या अंतरानं, एवढं वेळापत्रक लहान मुलाला पुरतं. मधल्या वेळात फक्त पाणी. दुधाचंही तसंच. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसाला अर्धा लिटरभर दूध पुष्कळ झालं. त्याहून फार जास्त प्यायलं की पोट भरतं, जेवण मागे पडतं, आणि दुधात लोह नावापुरतंच असल्यामुळे अंगातलं लोह कमी पडायला लागतं. 'जेवत नाही, निदान दूध तरी पिऊ दे' ही माया समजण्यासारखी आहे, पण भूक मारणारं ते दूधच असतं.

आता आग्रहाविषयी. बर्च यांच्याच गटाचा २००६ चा एक प्रयोग आहे. बालवाडीतल्या मुलांना सूप दिलं. एका सूपच्या वेळी मोठी माणसं अधूनमधून 'सूप संपव हं' म्हणत होती, दुसऱ्या सूपच्या वेळी गप्प होती. न टोकता दिलेलं सूप मुलांनी जास्त प्यायलं. जिथे टोकलं तिथे कमी तर प्यायलंच, वर त्या सूपला नावंही जास्त ठेवली. बघा, रागावणं नाही, धाक नाही. नुसतं 'संपव' एवढंच. आपल्या घरातल्या जेवणात हा शब्द किती वेळा येतो, याचा अंदाज ज्यानं त्यानं घ्यावा.

इथे ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणेल, मुलावर सोडलं तर ते नुसतं गोडच खाईल. शंका रास्त आहे. तिचं उत्तर फार जुन्या एका प्रयोगात आहे. क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ होत्या. १९२० च्या दशकात त्यांनी दुधावरून नुकत्याच अन्नावर येणाऱ्या बाळांवर एक प्रयोग सुरू केला. एकूण १५ बाळं, आणि त्यांच्यासाठी ३४ पदार्थांची यादी. फळं, भाज्या, धान्यं, अंडी, दूध, मांस, मासे, सगळं साधं, काही मिसळलेलं नाही. परिचारिका चमचा घेऊन शेजारी बसायची, पण गप्प. बाळानं एखाद्या भांड्याकडे हात नेला किंवा बोट दाखवलं, तरच तिनं चमचा भरायचा. बाळानं तोंड उघडलं तर भरवायचं. छान म्हणायचं नाही, नको म्हणायचं नाही.

बाळांनी जे काही खाल्लं त्याला मोठ्यांनी डोक्याला हात लावला असता. सकाळी भरपूर संत्र्याचा रस आणि यकृत, संध्याकाळी अंडी, केळी आणि दूध, असले बेत. प्रत्येक बाळाची तऱ्हा वेगळी. पण सगळी छान वाढली. आता यावरून 'मुलाला सगळं कळतं' असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. डेव्हिस तसं म्हणाल्या नाहीत. १९३९ मध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं की यातली खरी मेख त्या यादीत होती. यादीत साखर नव्हती, मैदा नव्हता, कारखान्यातून आलेलं काही नव्हतं. बाळानं कुठेही हात घातला तरी ते चांगल्याच अन्नावर पडणार होतं. आणि यादी केली होती ती मोठ्यांनी. आईवडिलांच्या हातातली ताकद ती हीच: बाजारात, स्वयंपाकघरात, ताट वाढेपर्यंत. त्यानंतर गप्प बसायचं.

गोडाचं काय, हा प्रश्न तरी उरतोच, कारण आपलं घर म्हणजे काही डेव्हिसबाईंची प्रयोगशाळा नव्हे. गोड असणार, पाहुणे आणणार, वाढदिवस येणार. जेनिफर फिशर आणि बर्च यांनी १९९९ मध्ये लहान मुलांवर एक गंमतशीर प्रयोग प्रसिद्ध केला. सारख्याच जातीचा, फक्त चवीत फरक असलेला खाऊ घेतला. त्यातला एक मुलांना सहज मिळत होता. दुसरा टेबलाच्या मधोमध पारदर्शक बरणीत ठेवला आणि त्यावर बंदी घातली. ही बंदी उठायची तीही थोड्याच वेळापुरती. मुलं त्या बरणीविषयीच बोलत राहिली, तोच खाऊ मागत राहिली. ज्या घरात गोड वरच्या फळीवर असतं, तिथे खुर्च्या सरकवल्याचे आवाज का येतात ते यावरून कळावं.

दुसरं टोक म्हणजे 'भाजी संपव, मग गोड.' मोठ्यांना वाटतं हा चोख सौदा झाला. मूल त्यातून काय शिकतं? भाजी ही हमाली आणि गोड ही मजुरी. सॅटर यांचा सल्ला आधी विचित्र वाटतो, पण करून बघण्यासारखा आहे. ज्या दिवशी गोड असेल त्या दिवशी एक बेताचा वाटा जेवणाबरोबरच ताटात वाढायचा. आधी खाल्लं, मधे खाल्लं, काही बोलायचं नाही. दुसरा वाटा मात्र नाही. सुरुवातीला मूल गोडावरच तुटून पडेल. पडू दे.

नवीन भाजीची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे धीर लागतो. दोन ते सहा या वयात अनोळखी अन्नाची भीती सगळ्यात जास्त असते. नुकतं चालायला लागलेलं, दिसेल ते उचलणारं पोर कडू आणि अनोळखी गोष्टींना बिचकतं, म्हणूनच वाचतं. या भीतीचं मूळ तिथे असावं असं मानतात. कधी तरी घास भरवायचं सोडून नुसतं बघत बसा. ताटात हिरवा वाटाणा आहे. आधी एका बोटानं ढकलला जातो. मग चिमटीत दाबला जातो, सालातून आतला दाणा सटकतो, त्याचं आश्चर्य वाटतं. मग नाकाशी. मग जिभेचं टोक, लगेच तोंड वेडंवाकडं. मग तोंडात, आणि दुसऱ्या क्षणी बाहेर, हनुवटीवरून थेट कपड्यांवर. 'आवडला नाही' असा निकाल आपण इथे लावतो आणि वाटाणा कायमचा बाद करतो. खरं तर त्याची ओळख आत्ता कुठे सुरू झालेली असते. एखादी चव पसंत पडायला बऱ्याच मुलांना ती आठ-दहा, कधी पंधरा वेळा भेटावी लागते. बहुतेक घरं तिसऱ्या-चौथ्या वेळेलाच हात टेकतात. दर वेळी चमचाभरच वाढा, शेजारी ओळखीचं काहीतरी असू द्या, आणि थुंकायला परवानगी द्या. हो, कागदावर, मुकाट्यानं.

भाजी धुवायला, पानं खुडायला, ढवळायला मुलांना बरोबर घ्या, हेही सांगतात. पसारा होतो, पण उपयोग होतो. एवढं सांगून मी पुढे जाते, कारण मला ज्या गोष्टीविषयी बोलायचं आहे ती ताटाच्या दुसऱ्या बाजूला आहे.

ती म्हणजे आपण स्वतः. आई सगळ्यांना वाढून झाल्यावर ओट्याशी उभी राहून, पातेल्यात उरलेलं चार घासांत संपवते. बाबा फोनवर बोटं फिरवत जेवतात आणि काय खाल्लं ते त्यांना विचारलं तर सांगता येत नाही. आरशासमोर पोटाची वळी चिमटीत धरून कुणीतरी म्हणतं, 'आजपासून जेवण बंद.' गोडाचा तुकडा तोंडात टाकताना, 'आज फारच पाप केलं.' पाच वर्षांची मुलगी हे सगळं ऐकत असते. तिला उष्मांक कळत नाहीत, पण खाण्यात लाजण्यासारखं काहीतरी आहे, हे चांगलं कळतं. पुढे वयात येताना तीच मुलगी आरशासमोर उभी राहते तेव्हा ही वाक्यं तिच्या तोंडी तयार असतात. मुलग्यांचंही यातून सुटत नाही. त्यांच्याकडे फक्त आपलं लक्ष कमी जातं. मुलाच्या देखत कुणाच्याही अंगकाठीवर बोलायचं नाही, त्याच्या तर नाहीच, हा नियम घरात आजपासून करता येईल. पाहुण्यांनाही तो हसत हसत सांगता येतो.

आणि दिवसातून एकदा तरी खाली बसून, चवीनं, मुलासमोर जेवा. 'वा, आज जमलंय' असं मोठ्यानं म्हणा. हे मुलानं खावं म्हणून नव्हे. तशी चलाखी ती लगेच ओळखतात.

काही मुलांना मात्र खरी मदत लागते. वजन उतरत असेल किंवा वाढीच्या तक्त्यावर रेघ खाली झुकत असेल, गिळताना वारंवार ठसका लागत असेल, खाण्यातले पदार्थ दिवसेंदिवस कमी होत मोजकेच उरले असतील, तर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते नखरे नसतात. आणि लहानग्याला स्वतःच्या हातानं खाऊ देताना शेजारी बसा. अख्खी द्राक्षं, अख्खे दाणे त्या वयाला नकोत.

शेवटी एक रोखठोक प्रश्न उरतो: ताटात उरलेल्याचं काय? अन्न टाकवत नाही, मग ते मुलाच्या पोटात ढकललं जातं किंवा आईच्या. दोन्ही पोटं भरलेलीच असतात. त्यापेक्षा पहिल्यांदा वाढतानाच दोन चमचे वाढा. हवं असेल तर मूल पुन्हा मागतं. उरलं तर झाकून ठेवा, पुढच्या वेळी गरम करा. आणि 'पोट भरलं' असं मूल म्हणालं, की ताट उचला.

नमस्कार.