चेहरा न दाखवता माणूस उभा करणं: तातियाना वेसोच्या माहितीपटांची उकल

[कॅमेऱ्याकडे बघून]

एक बस चाललीय. काचेवर पावसाचे ओघळ, खिडकीला डोकं टेकून पेंगणारी माणसं. वरून एका बाईचा आवाज ऐकू येतो, आणि तो आवाज तुरुंगातल्या दिवसांबद्दल सांगतोय. ही बाई बसमध्ये नाही. बोलताना ती फिल्मभर कुठेही दिसत नाही.

ही 'तेंपेस्ताद'. 2016 ची, 105 मिनिटांची मेक्सिकन डॉक्युमेंटरी. दिग्दर्शिका तातियाना वेसो. स्पेलिंग एचने सुरू होतं, पण स्पॅनिशमध्ये तो एच मुका असतो, त्यामुळे हुएझो म्हणू नका. आवाज एकीकडे आणि चित्र दुसरीकडे ठेवायचं हे तिचं तंत्र. ते कुठून आलं, आणि आपण तसं करायला गेलो तर कुठे फसतं, एवढंच आज बघू.

[स्क्रीनवर: मध्य अमेरिकेचा नकाशा]

वेसोचा जन्म 1972 चा, एल साल्वादोरमधला. लहानपणीच ती मेक्सिकोला आली. शिकली मेक्सिको सिटीतल्या 'सेसेसे'मध्ये. ही 1975 साली सुरू झालेली सरकारी फिल्म शाळा, आपल्या एफटीआयआयच्या जातकुळीतली. नामवंत स्पॅनिश दिग्दर्शक लुइस बुन्युएल तिचे मानद अध्यक्ष होते. तिथे शॉर्ट फिल्म झाल्या, त्यातली 'तिएंपो काउस्तिको' 1997 ची. पुढे बार्सिलोनात पोंपेउ फाब्रा विद्यापीठात डॉक्युमेंटरीचं शिक्षण. आणि पहिली लांब फिल्म, 'एल लुगार मास पेकेन्यो', आली थेट 2011 मध्ये. तेव्हा वय 39.

ती फिल्म झाली शाळेच्याच योजनेतून. माजी विद्यार्थ्यांकडून प्रस्ताव मागवायचे, निवडलेल्याची पहिली लांब फिल्म शाळेने निर्माता म्हणून उभी करायची, जोडीला सरकारी चित्रपट संस्थेचा निधी. मेक्सिकोत स्वतंत्र डॉक्युमेंटरी बरीचशी अशाच पैशावर जगत आलीय. दुसरा रस्ता 'एफिसिने' या सरकारी कर-योजनेचा: कंपनी आपल्या आयकराचा काही भाग, आदल्या वर्षीच्या कराच्या 10 टक्क्यांपर्यंत, फिल्ममध्ये घालू शकते. ऐकायला झकास वाटतं. पण त्यासाठी कर भरणारी कंपनी आधी गाठावी लागते, आणि हरवलेल्या मुलींवरच्या फिल्मला आपलं नाव लावायला कोण पटकन तयार होणार? असो. पैशावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल.

'एल लुगार मास पेकेन्यो' सिंकेरा गावाबद्दल आहे. एल साल्वादोरच्या यादवी युद्धात, म्हणजे 1980 ते 92 मध्ये, हे गाव बेचिराख झालं. वाचलेली माणसं परत आली आणि त्यांनी गाव पुन्हा वसवलं. वेसोच्या आजीचं हे गाव. इथेच तिची पद्धत पहिल्यांदा ठळक दिसते. कानावर येतात हत्या, भूक, गुहेत लपून काढलेले दिवस. डोळ्यांसमोर आजचं गाव असतं: जनावरं, पाऊस, मागचं जंगल. माणसं दिसतात, पण कॅमेऱ्याकडे बघून बोलत नाहीत.

असं का? कॅमेरा लागला की माणूस ताठ होतो, शब्द जपून वापरतो. समोर फक्त मायक्रोफोन असेल तर थोड्या वेळाने तो विसरला जातो.

[टेबलावर रेकॉर्डर ठेवत]

आता कृती. सुरुवात आवाजापासून. रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवर. माइक तोंडापासून साधारण वीतभर, पण नाकासमोर नको, जरा बाजूला. नाहीतर 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा धक्का बसतो, आणि तो एडिटमध्ये धड काढता येत नाही. सर्वांत मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा. हुंदका अचानक येतो, त्याला वर जागा लागते. पंखा बंद, फ्रिज बंद. आणि फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली त्याच्यात ठेवा, म्हणजे निघताना फ्रिज चालू करायला विसरणार नाही. दुसऱ्याच्या घरातलं दूध नासवून कोणी विश्वास कमावलेला नाही.

समोरचा बोलत असताना 'हं, हं' करू नका, मान हलवा. तुमचा हुंकार त्याच्या वाक्यावर बसला की ते वाक्य गेलं. शेवटी सगळ्यांनी एक मिनिट गप्प बसून खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. दोन वाक्यं जोडताना मधली फट तीच भरते.

एका बैठकीत दोन तासांपेक्षा जास्त ताणू नका, आणि एका बैठकीवर भागवू नका. पहिल्या दिवशी मिळते ती पोलिसांना, वकिलांना, पत्रकारांना सांगून सांगून घोटलेली हकिगत. तिच्यात तारखा असतात, वास नसतात.

मग सगळं टाइमकोडसकट, म्हणजे कुठलं वाक्य कितव्या मिनिट-सेकंदाला आहे त्या नोंदीसकट, उतरवून काढा. दोन तासांच्या बोलण्याला आठ-दहा तास सहज जातात. इथे नवखे हमखास फसतात: कागदावर वाचून निवड करतात. कागदावर भारी दिसणारं वाक्य कानाला सपाट लागू शकतं. निवड डोळे मिटून, ऐकून करा. दुसरी चूक म्हणजे मधल्या सगळ्या शांतता छाटून टाकणं. वाक्याआधी घेतलेला श्वास तसाच राहू द्या. तो अर्ध्यात कापला की बाई बातम्या द्यायला लागते.

[स्क्रीनवर: मातामोरोस ते तुलुम हा रस्ता]

आता चित्र, आणि खरी कसोटी इथे आहे. 'तेंपेस्ताद'मधली मिरियम, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला तो आवाज जिचा ती, कान्कूनच्या विमानतळावर इमिग्रेशनमध्ये नोकरीला होती. मानवी तस्करीच्या खोट्या आरोपाखाली तिला पकडून देशाच्या पार उत्तर टोकाला, मातामोरोसच्या तुरुंगात टाकलं. त्या तुरुंगावर राज्य गुन्हेगारी टोळीचं. अशा माणसांना तिथे 'पागादोर' म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या गुन्ह्याची भरपाई करणारे.

ती 'शिपाई आले' म्हणते तेव्हा शिपाई दाखवले, तर तो टीव्हीवरचा गुन्हेगारी कार्यक्रम झाला. उलट, कुठल्याही आवाजाखाली कुठलंही सुंदर झाड चिकटवलं तर प्रेक्षक पाचव्या मिनिटाला मोबाइल काढतो. वेसोने चित्राला स्वतःचा प्रवास दिला: मातामोरोसहून घराकडे, दक्षिणेला तुलुमपर्यंत, दोन हजारांहून जास्त किलोमीटर. कॅमेरामन एर्नेस्तो पार्दो. वाटेत नाके, तपासण्या, बस स्थानकं, अनोळखी चेहरे. आवाज भूतकाळात जातो, बस मात्र पुढेच सरकत राहते. आणि त्या अनोळखी चेहऱ्यांकडे बघताना लक्षात येतं की यातलं कोणीही उद्या पागादोर होऊ शकतं.

एक धोका मात्र ओळखून ठेवा. तुरुंगाच्या हकिगतीखाली बसमधल्या कोणाचा क्लोजअप टाकला, तर बघणारा तो चेहरा त्या हकिगतीला जोडणारच. त्यामुळे परवानगी घेताना 'बसमध्ये शूट करतोय' एवढं सांगून भागत नाही. वर काय ऐकू येणार आहे तेही त्या प्रवाशाला सांगायला हवं.

याच फिल्ममधली दुसरी बाई, आदेला, मात्र पूर्ण दिसते. ती सर्कशीत विदूषक आहे आणि दहा वर्षांहून जास्त काळ हरवलेल्या मुलीला शोधतेय. एकीचा नुसता आवाज, दुसरीचं घर, मेकअप, नातेवाईक, सराव करणारी पोरं. फिल्मचा तोल मला या जोडीत दिसतो. नुसता मिरियमचा आवाज 105 मिनिटं पेलवला असता असं वाटत नाही.

आणि चेहरा लपवला म्हणजे माणूस सुरक्षित झाला, हा भ्रम आहे. आवाज ओळखता येतो. गावाचं नाव, तारीख, भावाचा धंदा, यांची बेरीज केली की माणूस सापडतो. मोबाइलने काढलेल्या फोटोत जागेची नोंद असते, ती बंद करा. फोल्डरला त्या व्यक्तीचं नाव देऊ नका. संमती दोनदा घ्या: रेकॉर्डिंगआधी, आणि एडिट झाल्यावर ऐकवून. दुसऱ्यांदा नकार आला तर तो भाग जातो, कितीही जीव तुटला तरी.

'तेंपेस्ताद'ला 2017 मध्ये दिग्दर्शनाचं आणि सर्वोत्तम डॉक्युमेंटरीचं आरिएल, म्हणजे मेक्सिकोचं मानाचं चित्रपट पारितोषिक, मिळालं, आणि मेक्सिकोने ती ऑस्करला पाठवली. 2021 मध्ये 'नोचे दे फुएगो' ही कथात्मक फिल्म आली: डोंगरातलं गाव, मुलींना कोणी उचलून नेऊ नये म्हणून त्यांचे केस कापून मुलांसारखं ठेवणाऱ्या आया.

आणि 2023 च्या 'एल एको'मध्ये वेसोने स्वतःचीच पद्धत उलटी केली. पुएब्ला राज्यातली डोंगरावरची वाडी, मेंढ्या, मका, मुलं. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात या फिल्मला डॉक्युमेंटरीचं पारितोषिक मिळालं. इथे हकिगत सांगणारा आवाज नाही. जे कळायचं ते मुलांच्या आपसातल्या बोलण्यातून कळतं. म्हणजे सगळा भार जागेवरच्या आवाजावर. अशा कामात मुलांच्या अंगावर वायरलेस माइक लावावे लागतात, आणि स्वेटरची खसखस हा पहिला शत्रू. माइक कापडाला घासू नये म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावतात, वायरला एक सैल वेढा ठेवतात, आणि पोरगं धावायला लागायच्या आत ऐकून खात्री करतात. फिल्मच्या सुरुवातीलाच पाण्यात अडकलेल्या मेंढीला ओढून काढायची धावपळ आहे. त्या क्षणी माइक लावायला कोणी थांबत नाही. तो सकाळीच लावलेला असावा लागतो.